नैवेद्याआधीचे ताट

भोगीच्या दिवशी सकाळी घरमालकीण काकू जिना चढून वर आल्या, तेव्हा मी कॉलेजला निघण्याच्या गडबडीत होते. त्यांच्या हातातले ताट दुसऱ्या ताटाने झाकलेले होते. दारातच थांबून, आवाज थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, "मॅडम, देवाला दाखवायच्या आधीच काढून ठेवलंय बघा. तुम्हाला चालतंय की हे." मी झाकण उचलले. तीळ थापलेली बाजरीची भाकरी, वांगी-पावटा-गाजर-सोलाणे आणि दोनचार बोरे घालून केलेली भोगीची भाजी, कडेला शेंगांची चटणी, आणि भाकरीच्या पापुद्र्यावर विरघळायला लागलेला लोण्याचा गोळा. माझ्या आधी या खोलीत केरळची एक नर्स राहत होती. ती प्रसाद घेत नसे, आणि ख्रिस्ती भाडेकरूंचे असे असते हे काकूंनी तिच्याकडून कायमचे शिकून घेतले होते. मी ताट घेतले आणि खिडकीशी बसून जेवू लागले. निम्मी भाकरी झाली असेल, तोच खाली देवघरातली घंटा वाजू लागली. म्हणजे देवाचे ताट आता वाढले जात होते, आणि माझे अर्धे संपले होते.

या घटनेत सांगण्यासारखे तसे काही नाही. सणाच्या दिवशी वरच्या खोलीतल्या एकट्या बाईला कोणीही ताट देते. पण काकूंचे घर लिंगायतांचे आहे. गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष आणि मंत्र ही त्यांची अष्टावरणे, आणि लिंगाला अर्पण झाल्याशिवाय अन्न तोंडात घालू नये ही त्यातल्या प्रसादामागची शिस्त. ज्या बाईने जन्मात देवाआधी घास घेतला नसेल, तिने मला देवाआधी वाढले होते. एवढ्यानेही संकोच वाटला असताच, परंतु मला खुपत राहिली ती दुसरीच गोष्ट. 'आधीच काढून ठेवलंय' हे शब्द कानावर पडताच माझ्या छातीतून एक निःश्वास सुटला होता. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाविषयीचा नियम आपण आता मानत नाही, हे मी घर सोडल्यावर ठरवून टाकले होते आणि मैत्रिणींना तोऱ्यात सांगितलेही होते. डोक्याने केव्हाच रजा दिलेला तो नियम शरीरात मात्र मुक्कामाला होता.

सुटका झाल्याचा तो निःश्वास होता, आणि तो मला आवडला नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत माझे लहानपण गेले. पप्पा कारखान्यात फिटर आणि आमच्या मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी, एक. मंडळी म्हणजे पत्र्याचा एक हॉल, खाली सतरंज्या, पुढे सिंथेसायझर, आणि भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले 'वेगळे व्हा' हे दोन शब्द. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले ते वचन आमच्या घराचा कायदा होते. टिकली, रांगोळी, आकाशकंदील, सिनेमा हे सारे जगिक म्हणून आधीच बाद झाले होते. गणपतीची मिरवणूक रस्त्याने निघाली की खिडक्या लावून घेतल्या जात आणि आम्ही भावंडे आतल्या खोलीत मोठ्याने गीते म्हणत असू. पुढे कोणा ब्रदरांनी नाताळ पवित्र शास्त्रात नाही असे दाखवून दिले, तेव्हा नाताळही गेला. मम्मीने त्यावर वाद घातला नाही. तिने करंज्या आठवडाभर पुढे ढकलून नववर्षाच्या उपासनेच्या केल्या, आणि त्यांतले सारण तेच राहिले. मम्मीच्या विश्वासाविषयी मला अजूनही नीट काही सांगता येत नाही, ते अशाच गोष्टींमुळे.

शाळेत संक्रांत आली की माझी पंचाईत होई. वर्गातल्या मुली हातावर तिळगूळ ठेवत, तो नाकारला तर 'गोड बोलायचं नाही का गं' म्हणत, आणि खाल्ला तर रात्री प्रार्थनेच्या वेळी पप्पांच्या डोळ्यांकडे पाहता येत नसे. देवापुढे ठेवलेला तिळगूळ कोणता आणि न ठेवलेला कोणता, हे विचारण्याचे धाडस सातवीतल्या मुलीत नसते. मी तो कंपासपेटीत टाकत असे. कर्कटक आणि कोनमापकाच्या मध्ये ते हलव्याचे काटेरी दाणे आणि चिकट वड्या पडून राहत. खायचे धैर्य नाही आणि फेकायलाही मन घेत नाही, असे दिवस जात, आणि मग एखाद्या भूमितीच्या तासाला पेटी उघडावी तर आत मुंग्यांची रांग लागलेली. बाईंनी एकदा ती पेटी वर्गासमोर झटकायला लावली. मुली हसल्या. माझ्या वाट्याला आलेले सगळे गोड बोलणे फरशीवर पडले होते.

याहून खोल गेलेली एक भीती होती. प्रभू कोणत्याही क्षणी येईल, त्याचे लोक मेघांत उचलले जातील, आणि मागे उरलेल्यांवर ७ वर्षांचे महासंकट येईल, हे आम्हाला पाढ्यांच्या आधीपासून ठाऊक होते. एका दुपारी शाळेतून आले तर दार उघडे, गॅसवर दूध मंद आचेवर, मम्मीच्या चपला उंबऱ्याशी, आणि घरात कोणीही नाही. हाका मारल्या. मग मी दप्तर टाकून पास्टरांच्या घरापर्यंत पळत गेले, कारण ज्यांच्या उचलले जाण्याविषयी वसाहतीत कोणालाच शंका नव्हती असे तेच एक होते. ते अंगणात उभे राहून गॅस सिलिंडर आणणाऱ्याशी सुट्या पैशांवरून भांडत होते. कोणत्याही उपदेशाने दिली नसेल एवढी शांती मला त्या भांडणाने दिली. मम्मी पप्पांच्या चपला घालून शेजारी विरजण मागायला गेली होती.

सोलापुरात आल्यावर मी वाचू लागले ते या भीतीपासून. मी विज्ञानाच्या बाजूने विश्वासाशी भांडायला गेले नव्हते; मला फक्त ही गोष्ट कोणी, केव्हा सांगायला सुरुवात केली हे पाहायचे होते. विश्वासणाऱ्यांना असे आधीच, अचानक उचलून नेण्याची शिकवण ज्या रूपात आमच्यापर्यंत आली, ते रूप तिला १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने दिले, आणि १९०९ साली स्कोफील्ड यांच्या टिपांसह निघालेल्या बायबलने ते घरोघर पोहोचवले. आमच्या कडवेपणाला 'फंडामेंटलिझम' हे जे नाव मिळाले आहे तेही १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत निघालेल्या 'द फंडामेंटल्स' या १२ पुस्तिकांच्या मालिकेवरून. कॅलिफोर्नियातल्या लायमन स्टुअर्ट या तेलाच्या व्यापाऱ्याने त्यासाठी पैसा लावला आणि सुमारे ३० लाख प्रती पाळकांना, मिशनऱ्यांना फुकट वाटल्या गेल्या. मंडळीत आम्हाला सांगत की आपला विश्वास प्रेषितांच्या काळचा, मूळचा आहे आणि आजोबा ज्या जुन्या मिशनच्या देवळात जात ते बिघडलेले आहे. सनावळी पाहिली तर नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. आजोबांचे बिघडलेले चर्च आमच्या मूळच्या विश्वासाहून वयाने मोठे निघाले.

आजोबांच्या देवळात टाळ होते. हे मला लहानपणी लाजिरवाणे वाटे, कारण टाळ हे 'त्यांचे' वाद्य आहे असे मंडळीत शिकवले जाई. नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत, आणि त्यांच्या अभंगांवर आजोबांची पिढी वाढली. शेवटी टिळकांनी १९१७ साली मिशनचे काम सोडून 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा पप्पा उठून बाहेर जात. आजोबांच्या मृत्यूनंतर त्यांचे टाळ माळ्यावर गेले आणि तिथून ते कुठे गेले हे मी कोणाला विचारले नाही.

इथवर लिहिणे सोपे आहे. आजोबा मोकळे आणि पप्पा कडवे, अशी मांडणी करून मी मोकळी होऊ शकले असते, आणि काही वर्षे मी तशीच बोलत होते. पण पप्पांनी एकदाच, तेही वीज गेलेली असताना, एक गोष्ट सांगितली होती. आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतून. धर्म बदलून पिढ्या लोटल्या तरी गावाने ते ध्यानात ठेवले होते. पप्पा आठ-नऊ वर्षांचे असताना गावातल्या एका मोठ्या वाड्यावर सत्यनारायण होता. पोरे ओट्याखाली रांगेने उभी होती. बाकीच्यांच्या हातावर शिरा ठेवला गेला, आणि पप्पांपाशी आल्यावर वाढणाऱ्याने हात वर उचलून तो वरून सोडला. थोडा तळहातावर पडला, थोडा धुळीत. पप्पांनी हात मागे घेतला आणि ते घरी आले. बायबलच्या प्रकटीकरणातले, मूर्तीच्या अन्नाविषयीचे वचन त्यांना पुष्कळ नंतर मिळाले. हात त्याच्या किती तरी आधी मागे आलेला होता. 'देवाला दाखवलेले आम्ही खात नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी मी जेव्हा जेव्हा ऐकले, तेव्हा त्यात मला फक्त कडवेपणा ऐकू येत असे. घेणाऱ्याने नाही म्हणण्यात काय सुख असते, हे वरून टाकलेले ज्याला झेलावे लागले त्यालाच ठाऊक. मला कोणी कधी वरून वाढलेले नाही. काकूंनी ताट दिले ते माझ्या दोन्ही हातांत, आणि जड आहे म्हणून मी नीट धरेपर्यंत स्वतःचेही हात सोडले नाहीत.

तरीही प्रश्न उरतोच. पप्पांच्या हातावर झालेल्या अपमानाला उत्तर म्हणून जो नियम आला, तो माझ्या कंपासपेटीत कशासाठी शिरला? तिळगूळ देणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांच्या आजोबांनाही त्या ओट्यावर जागा नव्हती. वेगळे होण्याची शिकवण आम्हाला माणसे पारखायला शिकवत नव्हती. ती सरसकट सगळ्यांपासून आम्हाला दूर करत होती. आणि अपमानाची गोष्ट एकदाच, अंधारात सांगितली जात होती, तर नरकाची मात्र दर रविवारी, माइक लावून. पप्पांनी मला धुळीत पडलेला तो शिरा आधी सांगितला असता, तर कदाचित मी तो नियम भीतीने पाळला नसता, त्यांच्यासाठी पाळला असता. हा राग मी अजून गिळलेला नाही.

पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र मी सोलापुरातच प्रथमच सलग वाचले. आमच्याकडे वचने सुटी सुटी येत, तोंडपाठ करण्यासाठी. मूर्तीच्या अन्नाविषयी आम्हाला प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय वाचून दाखवत, ज्यात पर्गम आणि थुवतीरा येथल्या मंडळ्यांना असे अन्न खाल्ल्याबद्दल खडे बोल सुनावलेले आहेत. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौल याच प्रश्नावर वेगळ्याच सुरात बोलतो. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे. अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही की दूरही जात नाही. कोणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले चौकशी न करता खा. मात्र हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. त्याच अध्यायात प्रभूच्या आणि भुतांच्या अशा दोन्ही मेजांवर बसता येत नाही, असा कडक इशाराही आहे. म्हणजे एकाच ग्रंथात, एकाच माणसाच्या पत्रातसुद्धा, हा वाद चालू आहे. ज्या ग्रंथात एकही विसंगती नाही असे आम्ही हात वर करून गात होतो, तो ग्रंथ जेवणाच्या पंगतीवरून स्वतःशीच हुज्जत घालत होता, आणि खरे सांगायचे तर मला तो त्या रात्री पहिल्यांदा जिवंत वाटला. पौलाने बहुतेक शक्यता धरल्या आहेत. फक्त यजमानीणच आधी वेगळे काढून ठेवून तसे सांगायला जिना चढून येईल, हे त्याला सुचलेले दिसत नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या मंडळीत मोठ्या आदराने घेतले जाई, पण ते केवळ १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या संजीवनासाठी, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीसाठी. सोलापूर-पुणे गाडी केडगावावरून जाते तेव्हा मम्मी आजही डोळे मिटते. पण १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर याच रमाबाईंनी आपले शाकाहारी जेवण सोडायला नकार दिला होता, आणि तिथल्या भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसला होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आपण मोठ्या कष्टाने पुरोहितांच्या जोखडातून सुटलो आहोत, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी तिथे लिहिले, हेही नाही. जिच्या नावाने आमच्याकडे सभा भरत, ती बाई आमच्या सभेत प्रश्न विचारायला उभी राहिली असती, तर तिच्यासाठी उपवास प्रार्थना नक्कीच ठेवली गेली असती.

भोगीच्या त्याच दिवशी, दुपारी, मी गड्ड्याच्या, म्हणजे संत सिद्धरामांच्या यात्रेतल्या, काठ्या पाहायला गेले. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बूंच्या वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात आणि आमची गल्ली तिथून फार दूर नाही. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, कमरेच्या पट्ट्यावर तोललेली ती उंचच उंच काठी, मागून दोर धरून चालणारे, आणि मध्येच 'हर्र बोला हर्र' असा उसळणारा गजर. सिद्धरामांवर जीव जडलेल्या कुंभारकन्येचे लग्न त्यांच्या योगदंडाशी लागले, त्याचा हा सोहळा आहे, हे मी पुस्तकातल्यासारखे मनात म्हणत होते. तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या तेव्हा माझ्याही अंगावर तांदूळ पडले, कोणाचे कोण जाणे. त्याच क्षणी माझे ओठ हलू लागले आणि 'प्रभू, तुझ्या रक्ताखाली मला झाकून घे' ही प्रार्थना आपोआप सुरू झाली. लहानपणी मिरवणूक आली की म्हणायची तीच ती. मी ती तोडली नाही. अर्धी सोडून देणे बरे दिसले नसते. शेवटचे आमेन झाल्यावर पाहिले, तर शेजारची म्हातारी मला हात जोडलेली पाहून प्रसन्न हसत होती.

त्या आठवड्यात ताट परत करायला खाली गेले तेव्हा मी काकूंना विचारले, की देवाच्या आधी मला वाढले, तर तुम्हाला मनात काही वाटले नाही का. सोलापुरात रिकामे ताट परत करत नाहीत, म्हणून मी त्यात खजूर नेले होते. काकू शेंगापोळ्या लाटत होत्या. "त्यात काय वाटायचंय ओ? मालकांची पूजा बारापर्यंत हलत नाही, आणि तुमचं कॉलेज असतंय. भाकरी गार झाल्यावर काय चव राहतीय?" हे खरे उत्तर होते, की मला अवघडू नये म्हणून दिलेले, हे मला ठरवता आले नाही. एवढे मात्र खरे, की अष्टावरणांपासून करिंथपर्यंत मी जे काही रचले होते, त्यातले त्यांनी काहीच उचलून घेतले नाही. पोळी उलटली आणि तूप सोडले.

रविवारी मी इथल्या एका जुन्या मिशनच्या देवळात जाते. नेमाने नाही. तिथे पेटी आणि तबला आहे, टिळकांचे एखादे पद असतेच, आणि ते मी पूर्ण आवाजात म्हणते. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असते. भाकरीच्या चौकोनी तुकड्यांचे ताट बाकाबाकावरून पुढे येते, आणि ते माझ्याजवळ आले की मी दोन्ही हातांनी शेजारच्या बाईंकडे देते. का घेत नाही, याचे कारण मला सांगता येत नाही. विश्वास उरला नाही म्हणावे, तर पाच मिनिटांपूर्वीचे गाणे खोटे ठरते. घ्यावे म्हटले, तर आपण नक्की कोणाला हो म्हणतो आहोत हे कळत नाही: प्रभूला, आजोबांना, की पत्र्याच्या हॉलमधल्या त्या माइकला. खाण्यावरूनच सगळे शिकलेल्या माणसाला खाण्याचाच निर्णय शेवटपर्यंत घेता येऊ नये, यात काही नवल नाही.

पप्पांचा फोन रविवारी संध्याकाळी येतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "उपासनेला गेलीस का?" आजवर मी 'हो' एवढेच सांगत आले होते. परवा मी म्हणाले, "गेले होते. प्रभुभोजन घेत नाही पप्पा, खूप दिवस झाले." पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. म्हणजे आता टीव्ही चालतो, हे मला त्या बंद होण्यावरून कळले. मी पुढच्या भाषणासाठी मन घट्ट केले. "बरं करतेस," ते म्हणाले, "अयोग्य रीतीनं खाण्यापेक्षा न खाल्लेलं बरं. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, सत्ताविसावं वचन." माझ्या न खाण्यालाही त्यांनी आधार शोधून दिला होता. मला राग आला आणि हसूही आले. मी म्हणणार होते, की पप्पा, त्याच्या आधीचा दहावा अध्याय काढा, त्यावर मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि त्या वाड्यावरच्या शिऱ्याबद्दलही बोलायचे आहे. तेवढ्यात त्यांनी विचारले, "पाणी कितव्या दिवशी येतंय तिकडं आता?" पाचव्या, मी म्हणाले. मग टाकी किती लिटरची, मोटर कोणत्या कंपनीची, व्हॉल्व्ह गळतो तो कोणी बसवला, असे सगळे फिटरचे प्रश्न झाले आणि फोन ठेवला. दहावा अध्याय मी पुढच्या रविवारी काढणार आहे.